कर्ता

उमरखाडीच्या नाक्यावर माझं दुकान, सहा बाय आठ.
फ्लेक्स आल्यापासून ब्रश सुकत चाललेत,
पण मोर्च्याला अजून कापडच लागतं,
वाऱ्यात ते जिवंत वाटतं म्हणे.

निनाद आला, कॉलेजातला, बगलेत पाच मीटर मांजरपाट.
शुक्रवारी आझाद मैदान.
मी लिहिलं, लाल इनॅमलमध्ये, एका दमात:
इस्रायल सरकारने केलेल्या बॉम्बफेकीचा निशेध.
हात थरथरला नाही.
ती पोरं मीही पाहिलीत फोनवर, ढिगाऱ्यातून काढलेली,
गालांवरच्या धुळीत फक्त पाण्याचे दोन ओहोळ स्वच्छ.
मजुरी निम्मीच सांगितली.

"बशीरचाचा, फार लांब झालं.
सरकारने केलेल्या वगैरे काढा ना.
नुसतं, ज्यूंचा निषेध. दुरून वाचता येईल."
खरंच, अक्षरं मोठी झाली असती.
धंद्याच्या हिशेबानं बरोबर होतं पोराचं.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकून मी बसून राहिलो.
समोर दुसऱ्या मजल्यावर हस्केल नवगावकर सर राहतात.
दाराच्या चौकटीला तिरकी बारीक डबी,
येता-जाता तिला बोटं लावून ओठांशी नेतात.
त्यांचा आजा नवगावला घाण्यावर तेल काढायचा,
शनिवारी बैल सोडून.
माझा पलीकडे थळला होड्या रंगवायचा,
शुक्रवारी दुपारी हात धुऊन.

सातवी क, म्युनिसिपालिटीची शाळा.
सर खडूनं फळा ठोकायचे:
"क्रिया दिसली की ओरडू नका.
तिला विचारा, कोणी केली?
उत्तर येईल तो कर्ता.
त्याचा शेजारी नव्हे, त्याचा भाऊबंद नव्हे.
ज्यानं केली, तो."
व्याकरणात मी नापास झालो. एवढं मात्र राहिलं.

राहिलं ते आणखी एका कारणानं.
मॅचच्या रात्री पानवाला हसत विचारतो,
"काय चाचा, आज तुमची टीम?"
सीमेवर काही झालं की घरमालक
भाडं मागताना एक वाक्य जास्त बोलतो.
कराची मी पाहिलेली नाही.
तिथल्या सरकारला शिव्या माझ्याकडेही आहेत,
पण कोणी द्यायला लावल्या
की जीभ टाळूला चिकटते.

कापड तसंच उचलून जिना चढलो.
सरांनी चष्मा पुसला, सबंध ओळ वाचली.
त्यांची बहीण अश्दोदला, तिच्या फोनमध्ये भोंगे वाजतात.
मला वाटलं, दार लावतील.
म्हणाले, "पोटफोड्या ष, गाढवा. इतकी वर्षं झाली."
मग म्हणाले, "आणि ज्यांनी त्या पहाटे घरांत शिरून
माणसं मारली, ओढून नेली, त्यांचं वाक्य कुठाय?"
त्याला दुसरं कापड लागेल, सर.
"मग घे. तेही तपासतो."

तासभर भांडलो. चहा दोनदा गार झाला.
कुंपण, पाणी, जमीन कोणाची, सुरुवात कोणाची,
एकाही मुद्द्यावर जमलं नाही.
उठताना विचारलं, हे वाचून दुखलं का?
"दुखलं. खोटं कशाला बोलू."

निनादनं सुचवलेली ओळ सांगितली
तेव्हा मात्र काहीच बोलले नाहीत.
उठले,
आणि दाराची कडी नीट बसते का, ते पाहून आले.

खाली येऊन श पांढऱ्यानं झाकला, वर ष काढला.
निनादला म्हटलं, कापड कमी पडत असेल
तर एक मीटर माझ्याकडून.
ओळ आखूड होणार नाही.
तो कापड गुंडाळून गेला, रंग पुरता वाळायच्या आत.
मैदानात काय फडकलं, मी पाहायला गेलो नाही.

शनिवारी सर टोपी घालून खाली उतरले,
दुकानाशी थांबले.
"दुसरं कापड?"
वाळतंय, म्हटलं.
"आज शनिवार. उद्या बघतो," म्हणाले,
आणि सावकाश, भिंतीच्या कडेकडेनं, निघाले.